अकरा पावलं आणि एक मैल

३ नोव्हेंबर, मंगळवार

सगळ्यांत आधी आला तो मोजणीवाला. आणि केव्हा, तर साडेसातला! मी केस विंचरत होते, कंगवा डोक्यात तसाच. दार उघडलं तर हा उभा — पाठीवर पेटी, खांद्यावर तीन पायांचा स्टँड, आणि पहिलाच शब्द, "आजी, दगड कुठंय?" अरे, आधी बस तरी! त्याच्या मागोमाग पलीकडची शेजारीण. साखर मागायला आले म्हणाली. वाटी आणायला मात्र विसरली होती! मी तिलाही खुर्ची दिली. बघायला आलीस तर नीट बसून बघ बाई.

नऊला तपासणीबाई आल्या, मोठ्या ऑफिसातून. उंच, काटकुळ्या, पायात पुरुषी बूट, बोलणं असं की प्रत्येक शब्द आधी तोलून घेतलाय. आणि त्यांच्याबरोबर कोण? आमची भिंगरी! माझ्याच घरातून सातला गेलेली नात नऊला परत आली ती गळ्यात ओळखपत्र घालून, पाहुण्यासारखी दारात पाय पुसत. मला हसूच फुटलं. तिनं डोळे वटारले — आजी, आज नको!

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. पाच वर्षांची असताना माझ्याकडे आली, आई गेलेली, बाप — म्हणजे माझा मुलगा — बोटीवर नोकरीला. एका जागी म्हणून बसायची नाही. तेव्हापासून भिंगरी. आता विमानतळावर आहे. विमान चालवत नाही, तिकिटंही फाडत नाही. ती विमानांच्या वाटा आखते! उतरायला येणारं विमान कुठून यायचं, कुठं वळायचं, कुठं किती खाली यायचं, हे सगळं कागदावर. आमचा विमानतळ डोंगरांच्या मध्ये. ढग आले की विमान डोक्यावर घुमतं आणि माघारी जातं. गेल्या वर्षी नऊ वेळा गेलं. पलीकडचीची लेक आणि जावई दोनदा असे आभाळातूनच परत गेले. लेकीचं तिला लागलं, जावयाचं तिनं सोसलं.

तर आता नवी वाट. भिंगरीची पहिली. सतरा तारखेला तपासणीचं विमान येणार, ती वाट उडून बघणार. तेरापर्यंत कागद बिनचूक हवेत, नाहीतर ते विमान दुसऱ्या गावाला जाईल आणि आमचा नंबर पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी वाट असेल, पण ती आखायला भिंगरीच असेल असं नाही, असं ती म्हणते.

आणि हे सगळे माझ्या परसात का, तर दगडासाठी. धुण्याच्या जागेशेजारी मोजणी खात्याचा जुना दगड आहे, गुडघाभर, वर फुली आणि आकडा कोरलेला. मी त्यावर साबण ठेवते. डोंगर, मनोरा, पाण्याची टाकी — इथली सगळी जुनी मोजणी म्हणे या दगडापासून झालीय! मी पटकन साबण उचलला.

तपासणीबाई म्हणाल्या, "दगड कधी हलवलाय का? बांधकाम करताना वगैरे?"

मी म्हटलं, "छे छे!"

भिंगरी म्हणाली, "माझ्या आजोबांनी जपलाय तो. गवंडी होते ते. त्यांना खुणेची किंमत कळायची."

मी चहा टाकायला आत गेले. चहा झालेलाच होता.

खरं म्हणजे हलवलाय. पण ते आता कशाला!


४ नोव्हेंबर, बुधवार

मोजणीवाल्यानं दगडावर स्टँड लावला, त्यावर पांढरी थाळी. ती थाळी सहा तास नुसती आभाळाचं ऐकत बसते. वरच्या उपग्रहांचं. मी विचारलं, ऐकू काय येतं? म्हणाला, "तू कुठं आहेस, एवढंच सांगतात." सहा तास लागतात तेवढ्याला! तोवर त्यानं चार कप चहा आणि बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. भला माणूस आहे. बिस्किट बुडवून खातो, आणि तुकडा कपात पडला की चमच्यानं शोधत बसतो, मोजणी केल्यासारखा.

संध्याकाळी भिंगरीला म्हटलं, मला समजेल असं सांग, काय आखलंयस ते. तिनं टेबलावर लोकरीचा धागा पसरला. ही वाट. वाटी पालथी घातली. हा डोंगर. डोंगरावर काडेपेटी उभी केली. हा मनोरा. चमचा म्हणजे विमान.

"विमान या धाग्यावरच उडतं असं नाही आजी. वारा असतो, यंत्र असतं, माणूस असतो. म्हणून नियम असा, की या वाटेवर यायचं तर धाग्याच्या डावीकडे एक मैल, उजवीकडे एक मैल, याच्या आत राहायला पाहिजे. शंभर मिनिटं उडालं तर पंच्याण्णव मिनिटं तरी." त्यांचा मैल आपल्यापेक्षा लांब असतो, समुद्रावरचा. जवळजवळ दोन किलोमीटर!

मी म्हटलं, "आणि उरलेली पाच मिनिटं?"

ती खूश झाली. म्हणाली, "हेच विचारायचं असतं!" त्या पाचांसाठी आणखी जागा सोडतात, दोन्हीकडे मिळून बरीच. तेवढ्या सगळ्या पट्ट्यात डोंगर, मनोरा, टाकी, सगळ्यांची उंची बघायची आणि त्याहून पुरेसं वर विमान ठेवायचं. आणि विमानावर यंत्र असतं, ते स्वतःच पायलटला सांगतं — आता माझा भरवसा धरू नकोस, मी नीट कुठं आहे ते मला कळत नाहीये!

वा! असं यंत्र माणसांना बसवलं तर! पलीकडचीला आधी बसवीन. सारखं वाजेल.


५ नोव्हेंबर, गुरुवार

आकडे जुळत नाहीत म्हणे.


६ नोव्हेंबर, शुक्रवार

मोजणी खात्याच्या जुन्या वहीत दगड एकीकडे, उपग्रह म्हणतात दुसरीकडे. फरक आठ मीटर चाळीस. आणि उंचीत साठ सेंटीमीटर, दगड वहीपेक्षा खाली. मोजणीवाल्यानं यंत्र बदललं, पुन्हा सहा तास. तेच.

मी मनात हिशेब केला. आठ मीटर चाळीस म्हणजे गवंड्याची अकरा पावलं. ह्यांची पावलं मोठी होती.

आता लिहिते. कागदाला काय भ्यायचं! एक्केचाळीस वर्षं झाली. आम्हाला दोन खोल्या होत्या, स्वयंपाक ओसरीत. हे दुसऱ्यांची घरं बांधायचे आणि मी वाऱ्यात चूल पेटवायची. मग एकदा म्हणाले, तुला स्वयंपाकघर बांधतो, खिडकीवालं. पण जागा धरली तिथं बरोब्बर मधोमध हा दगड. सरकारी. हलवायला बंदी. हे दोन दिवस दगडाभोवती फिरले. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दगड उताराला धुण्याच्या जागेजवळ, अकरा पावलं लांब, ओळंब्यात सरळ, जसा काही जन्मला तिथंच! म्हणाले, "कोणी विचारलं तर हलवला नाही म्हणायचं." मी म्हटलं, बरं. कोणी विचारलंच नाही. एक्केचाळीस वर्षं तयार ठेवलेलं उत्तर परवा आपोआप बाहेर पडलं बघ.

भिंगरी जेवली नाही.


७ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी असून दिवसभर कागद. जुन्या वहीतले आकडे नव्या पद्धतीत बसवायचं गणित तिनंच केलंय. तपासणीबाईंना वाटतं, चूक त्या गणितात आहे. आणि दगडाचं गणित चुकलं तर डोंगरावरच्या मनोऱ्याचंही चुकलं, टाकीचंही, सगळ्यांचंच, कारण गणित एकच. तपासणीबाई तसं तोंडानं म्हणाल्या नाहीत. "पुन्हा एकदा पाहून घ्या," म्हणाल्या. त्यानं जास्त लागलं पोरीला.

मी भीत भीत म्हटलं, "अगं, विमानाला एक मैल इकडं तिकडं चालतं, आणि तुम्ही आठ मीटरसाठी जीव काय टाकताय?"

ती दमली होती तरी हसली. म्हणाली, "आजी, तो मैल म्हणजे एक डबा आहे. त्यात वाऱ्याची चूक, यंत्राची चूक, पायलटच्या हाताची चूक, सगळ्यांनी भागवायचं. कागदाला त्यातला घासच नाही! कागद बिनचूक आहे असं धरूनच तो मैल दिलाय. मीच त्यात हात घातला तर वरच्या माणसाच्या वाट्याचं मी खाल्लं."

मग म्हणाली, "आठ मीटरचं भय नाही गं. आठ मीटर का, ते मला माहीत नाही, त्याचं भय आहे."

मी भांडी घासायला उठले. एक पातेलं दोनदा घासलं.

दुपारी मोजणीवाला येऊन गेला. भल्यासाठीच म्हणाला, "ताई, हा दगड सोडून द्या ना. अहवालात घेऊच नका. असे जुने तीन दगड आसपास आणखी आहेत, त्यांच्यावर भागवू, कोण विचारतंय?" भिंगरी म्हणाली, "मी विचारतेय." संपलं. तो बिस्किट न खाता गेला.

ही माझी नात. आणि मी ही अशी.


८ नोव्हेंबर, रविवार

मुलाचा बोटीवरून फोन. "आई, आज गप्प का गं? बरं वाटत नाही का?" म्हटलं, दाढ दुखतेय. मला दाढा राहिल्यात कुठं! त्यालाही ते आठवलं असणार, पण भला आहे, लवंगेचं तेल लाव म्हणाला.


९ नोव्हेंबर, सोमवार

आज सांगितलं.

सकाळी भिंगरी पत्र लिहीत होती. मी विचारलं, कोणाला? म्हणाली, मोठ्या ऑफिसला. माझ्या गणितावर माझाच भरवसा नाही, वाट मागे घेते, दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. डोळे कोरडे, अक्षर सुंदर. चुकीच्या माणसाचा कबुलीजबाब, आणि तोही इतका नीटनेटका!

मी तिच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, "दगड हलवलाय. तुझ्या आजोबांनी. अकरा पावलं."

तिनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं हसेल. नाही हसली. "तुला विचारलं होतं आजी. समोरासमोर विचारलं होतं."

"हो."

"चार दिवस मी स्वतःला मूर्ख समजतेय, आणि तू चहा करत होतीस!"

करतच होते. म्हटलं, "मला भीती वाटली. स्वयंपाकघर पाडतील. ह्यांचं नाव खराब होईल. तू त्यांच्याबद्दल इतकं छान बोललीस, मग कसं सांगू…"

ती उठली आणि परसात गेली. खिडकीतून दिसत होती. दगडाजवळ उभी राहिली. मग तिथून स्वयंपाकघराकडे पावलं टाकत आली, तोंडानं मोजत. तिची चौदा भरली. भिंतीशी थांबली आणि भिंतीवर तळहात आपटला. एकदा. मग पुन्हा. मग खांदे हलायला लागले. मी घाबरले, रडतेय की काय! तर हसत होती, रडतही होती. "आजोबा," म्हणत होती, "आजोबा, काय माणूस तुम्ही! ओळंब्यात लावलात तोसुद्धा!"

तरी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. बरोबरच आहे.


१० नोव्हेंबर, मंगळवार

तपासणीबाई आणि मोजणीवाला दहाला आले. पलीकडची सव्वादहाला, या वेळी वाटी घेऊन.

मीच सांगितलं, उभं राहून, शाळेत कविता म्हणतात तसं. तपासणीबाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. झाल्यावर म्हटलं, "शिक्षा करायची तर मला करा. ते आता नाहीत."

बाई म्हणाल्या, "आजी, एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या दगडाची शिक्षा आता करू कोणाला? लिहून मात्र द्यावं लागेल. कोणी हलवला, कधी, किती."

पलीकडची म्हणाली, "मला वाटलंच होतं!" तिला काय वाटलं होतं, देव जाणे. स्वतःच्या घरचा गॅस चालू ठेवून आली होती.

एवढ्यात मोजणीवाला एकदम पुढं सरसावला. "आजी, दगड काढला तेव्हा खाली काही होतं का? आठवून सांगा. जुने लोक दोन खुणा ठेवायचे. वर दगड, आणि त्याच्या बरोब्बर खाली जमिनीत दुसरी. वरची गेली तरी खालची राहावी म्हणून."

आठवायला कशाला हवं! हे म्हणाले होते, खाली सिमेंटात पितळेचं बटण बसवलंय, काही केल्या निघत नाही. मग तसंच ठेवून वर फरशी घातली.

सगळे माझ्या स्वयंपाकघरात. ओट्याच्या पुढची तिसरी फरशी. भिंगरीनं तिथंच बसून पाढे पाठ केले, तिथंच दूध सांडलं, तिथंच एकदा माझ्याशी भांडून तासभर आडवी पडून राहिली. ह्यांनी ती फरशी घातली तेव्हा पाण्यानं पुसून म्हणाले होते, आता ही जन्मात हलणार नाही.

मोजणीवाल्यानं हातोडा काढला आणि माझ्याकडे बघितलं. तपासणीबाई म्हणाल्या, "तुम्ही नको म्हणालात तर नाही फोडणार."

भिंगरी म्हणाली, "आजी, राहू दे. तू लिहून देशील तेवढं कदाचित पुरेल."

कदाचित! मी म्हटलं, "फोड रे. पण कडेनं फोड, जोडी मिळायची नाही."

आत दोन विती माती, आणि खाली ते. रुपयाएवढं पितळ, मधे टोचलेला ठिपका. एक्केचाळीस वर्षं मी त्याच्यावर उभी राहून स्वयंपाक केला! मोजणीवाला गुडघ्यावर बसला, फुंकर घालून माती उडवली. मग म्हणाला, "गवंड्यानं याला धक्कासुद्धा लावला नाही हो. कडेला विटा लावून जपलंय." तपासणीबाईही वाकल्या. खरंच, चारी बाजूंनी विटा, नीट, पेटीसारख्या. मला हे माहीतच नव्हतं! घरात काय करून ठेवतात आणि बायकोला सांगत नाहीत.

छपराखाली थाळीला आभाळ दिसत नाही म्हणून बाहेर स्टँड लावून तिथून खिडकीतून आत मोजलं. ह्यांनी दिलेल्या खिडकीतून. उद्या पुन्हा मोजणार.


११ नोव्हेंबर, बुधवार

लिहून दिलं. सरकारी कागदावर ह्यांचं नाव, "व्यवसाय: गवंडी", आणि खाली माझी सही. चौथी शिकले त्याचा आज उपयोग झाला! सही जरा उतारावर गेली.


१३ नोव्हेंबर, शुक्रवार

जुळले! दीड सेंटीमीटरचा फरक, तो चालतो म्हणे. भिंगरीचं गणित पहिल्यापासून बरोबर होतं. पहिल्यापासून! तिनं मला उचलून गरागरा फिरवलं. माझी चप्पल कपाटाखाली गेली ती अजून सापडलेली नाही.


१७ नोव्हेंबर, मंगळवार

आज ढग. नेमके आज! पलीकडची म्हणाली, "झालं, गेलं तुमचं विमान." पण तपासणीच्या विमानाला उलट थोडे ढग बरेच, वाट खरंच कामाची आहे का ते कळतं — असं भिंगरी जाताना म्हणाली. आणि ती स्वतः त्याच विमानात! तपासणीबाई पुढं पायलटशेजारी, ही मागं, मांडीवर कागद.

आम्ही दोघी गच्चीवर. मी दोन स्वेटर घातले. काही दिसत नव्हतं, डोंगरही नाही. मग आवाज आला. पलीकडून, टाकीच्या बाजूनं, मग वळला. जिथं वळायला पाहिजे तिथंच वळला, मला टेबलावरचा धागा पाठ झालाय. पलीकडचीनं माझा हात घट्ट धरला. तिची लेक आणि जावई दोनदा इथूनच माघारी गेले ना. आवाज खाली खाली आला. आणि ढगातून एवढंसं पांढरं, दिवे लावलेलं, बाहेर! सरळ उतरलं!

मी ओरडले. पलीकडची रडली. मग म्हणाली, "आता जावई येईल."

तीनदा उडाले, तीनदा उतरले. संध्याकाळी भिंगरी आली ती कागद पुढं करून. वाटेपासून सगळ्यात जास्त किती सरकलं होतं विमान? मैलाचा विसावा भाग! मी म्हटलं, बाकीचा मैल तसाच शिल्लक? म्हणाली, "तो वाईट दिवसांसाठी, आजी."

तपासणीबाईही आल्या होत्या. माझ्या फुटक्या फरशीशेजारी खुर्ची टाकून बसल्या, बूट काढून. मोज्याला भोक! मला एकदम त्या आवडायला लागल्या. म्हणाल्या, "तुमच्या नातीला दगड सोडून देता आला असता. कोणालाही कळलं नसतं. आमच्याकडे अशी माणसं कमी आहेत." मी म्हटलं, माझ्याकडेही एकच आहे.


२० नोव्हेंबर, शुक्रवार

तपासणीबाई आणि मोजणीवाला पुन्हा आले होते. सोमवारी, तेवीस तारखेला, परत येतो म्हणाले, सकाळी आठला, गाडी घेऊन, भिंगरीला न्यायला. अशाच डोंगरातल्या बारा विमानतळांच्या वाटा आखायच्यात, दोन वर्षांचं काम, राहायचं तिकडेच. भिंगरी माझ्याकडे बघून नाही म्हणायला तोंड उघडत होती, तेवढ्यात मीच म्हणून टाकलं — येईल ती.